पकडक्रियेतील स्नायू-समन्वय

वस्तूकडे हात नेऊन ती पकडताना खांदा, कोपर, मनगट व बोटे यांच्या स्नायूंनी मिळून केलेले कार्य. वस्तूची जागा व कल साधायला सहा मुक्तिमात्रा (हालचालीच्या स्वतंत्र रीती) पुरतात; खांद्यापासून मनगटापर्यंत त्या सात आहेत. त्यामुळे एकच पेला अनेक रीतींनी धरता येतो. त्यांतली एक रीत मज्जासंस्था कशी निवडते, हा प्रश्न रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा उगम सामान्यतः १९२० च्या दशकात त्यांनी मॉस्कोत हातोडी चालवणाऱ्या कामगारांच्या केलेल्या अभ्यासात मानतात.

हात उचलण्याआधीच पाय व धड यांचे स्नायू तोल सावरू लागतात. झपाट्याच्या हालचालीत आधी गती देणारा स्नायू, मग रोखणारा विरोधी स्नायू आणि पुन्हा पहिला, असा क्रम आढळतो.

मतभेद आहे तो पकडीविषयी. फ्रेंच मज्जाशास्त्रज्ञ मार्क झानरो यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हात नेणे व बोटे उघडणे या दोन समांतर, स्वतंत्र प्रक्रिया मानल्या. बोटांतील अंतर हालचालीचा साधारण दोन-तृतीयांश वेळ सरल्यावर सर्वाधिक होते आणि ते वस्तूच्या आकारानुसार वाढते. स्मेट्स व ब्रेनर (१९९९) यांच्या मते मात्र अंगठा व तर्जनी आपापल्या स्पर्शबिंदूकडे जातात, त्यांच्यातले अंतर हा केवळ परिणाम होय. मोजमापे दोन्ही मतांत बसवता येतात. पण शरीररचना काटेकोर विभागणीला फारशी अनुकूल नाही. बोटे मिटवणारे लांब स्नायू कोपराखालच्या हातात असतात व त्यांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मनगटावरून जातात. बोटे आवळताना मनगट आत वळू नये म्हणून ते मागे नेणाऱ्या स्नायूंनाही आकुंचन पावावे लागते. मूठ घट्ट आवळून कोपराखालची मागची बाजू चाचपली, तर ती टणक लागते.

सान्तेलो, फ्लँडर्स व सेक्टिंग (१९९८) यांनी ५७ परिचित वस्तू धरल्याची कल्पना करायला सांगून हाताच्या ठेवणी नोंदवल्या. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक विविधता दोनच घटकांत, म्हणजे सांध्यांच्या एकत्र बदलण्याच्या दोन नमुन्यांत, सामावली. हे घटक मेंदूतील खरे गट की गणिताची सोय, यावर एकमत नाही. शिवाय तेथे वस्तू हातात नव्हतीच. प्रत्यक्ष उचलताना पकडीचा जोर भाराबरोबरच वाढतो आणि निसटू न देण्यापुरत्या जोराहून थोडा अधिक राहतो (योहान्सन व वेस्टलिंग, १९८४).

पक्षाघातानंतर हा समन्वय बिघडतो. खांदा उचलताच कोपर व बोटे आपोआप मिटू लागतात.