कॅनिबल होलोकॉस्ट

रुज्जेरो देओदातो (१९३९–२०२२) यांनी दिग्दर्शित केलेला इटालियन भयपट, प्रदर्शन १९८०. थोडक्या पैशांत काढायचे आणि रक्तपात व नग्नतेच्या जोरावर खपवायचे, अशा नरभक्षकपटांची इटलीत १९७० च्या दशकात लाट आली होती. तिची सुरुवात उंबेर्तो लेन्झी यांच्या १९७२ च्या एका चित्रपटापासून मानतात. देओदातो यांनीही १९७७ मध्ये असा एक जंगलपट केला होता. लाटेची मुळे मात्र ‘मोंदो काने’ (१९६२) या चित्रपटात आहेत. त्याने जगभरच्या चित्रविचित्र चालीरीती आणि प्राण्यांच्या कत्तली माहितीपट म्हणून विकल्या. त्याचे एक संगीतकार रिझ ऑर्तोलानी यांचेच संगीत ‘कॅनिबल होलोकॉस्ट’लाही आहे. पडद्यावर कत्तल चालू असताना मागे वाजणारी त्यांची हळुवार, गोड धून अंगावर येते.

ॲमेझॉनच्या जंगलात माहितीपट करायला गेलेले चार अमेरिकी तरुण बेपत्ता होतात. त्यांच्या शोधात गेलेल्या प्राध्यापक मन्रो यांना (रॉबर्ट कर्मन) त्यांची फक्त रिळे मिळतात. न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी कंपनीला ती दाखवायची घाई असते. रिळे पाहिल्यावर उलगडते, की सनसनाटी दृश्ये मिळावीत म्हणून या तरुणांनीच गावकऱ्यांना झोपडीत कोंडून आग लावली, बलात्कार केले; पुढे गावकऱ्यांनी त्यांना मारले, तेही कॅमेऱ्यात आले.

चित्रपटाचे महत्त्व या रिळांमुळे आहे. ती १६ मिलिमीटर फिल्मवर, कॅमेरा हातात धरून चित्रित केली. ओरखडे, हिसके, मध्येच गायब होणारा आवाज असे सगळे त्यांत मुद्दाम ठेवले. देओदातो यांनी उमेदवारी केली ती नववास्तववादाचे (साध्या माणसांचे जगणे खऱ्या ठिकाणी जाऊन टिपणाऱ्या इटालियन चित्रपट-प्रवाहाचे) अध्वर्यू रोबेर्तो रोसेलिनी यांच्या हाताखाली, आणि ती शिकवण इथे दिसते. ‘सापडलेल्या चित्रफिती’चा हा घाट पुढे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने (१९९९) घरोघरी पोचवला.

‘कॅनिबल होलोकॉस्ट’ इतका खरा वाटला, की मिलानमध्ये प्रदर्शन झाल्यावर सुमारे दहा दिवसांत चित्रपट जप्त झाला. आरोप आधी अश्लीलतेचा होता; मग कलाकारांना खरोखरच मारल्याचा संशय आला. वर्षभर लोकांसमोर यायचे नाही, असा करार चौघांशी केलेला असल्याने ते कुठेच दिसत नव्हते. शेवटी त्यांना जिवंत हजर करावे लागले. सुळावर चढवलेल्या मुलीच्या दृश्याची उकलही देओदातो यांना करावी लागली: लोखंडी खांबाला सायकलची सीट बसवली होती, मुलगी तिच्यावर बसली होती आणि मान वर करून तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा धरून होती. खुनाचा आरोप गळून पडला. चार महिन्यांची शिक्षा झाली, पण ती स्थगित राहिली. इटलीतील बंदी १९८४ मध्ये उठली.

माणसांचे मरण खोटे होते, प्राण्यांचे नव्हते. कोआटी (रॅकूनच्या जातकुळीतला एक लहान प्राणी), मोठे कासव, साप, कोळी, डुक्कर आणि दोन माकडे कॅमेऱ्यासमोर मारली गेली. माकडे दोन, कारण एकाच दृश्याचे चित्रीकरण दोनदा झाले. प्रसिद्धीसाठी क्रौर्य घडवून आणणाऱ्या वार्ताहरांवर हा चित्रपट बोट ठेवतो आणि स्वतः तेच करतो. त्याची टीका कितीही धारदार असली, तरी या हत्यांचे समर्थन तिच्यातून होत नाही.

दुसरा अन्याय यानोमामींवर झाला. हा व्हेनेझुएला–ब्राझील सीमाभागातला खरा समाज आहे. चित्रीकरण झाले ते कोलंबियातील लेतिसिया परिसरात. यानोमामी आपल्या मृतांच्या अस्थींची राख केळ्याच्या पेजेत मिसळून शोकविधी म्हणून पितात. शत्रूचे मांस ओरबाडून खाणारी टोळी म्हणून त्यांचे नाव वापरणे ही शुद्ध बदनामी होती.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटींविरुद्ध जे रान उठले, त्यात या चित्रपटाचे नाव बंदीच्या यादीत होते. २०११ मध्ये तिथल्या सेन्सॉर मंडळाने तो जवळजवळ संपूर्ण मंजूर केला. कात्री लागली ती सुमारे १५ सेकंदांना, कोआटीच्या हत्येला.