शाळा विकास आराखडा: तयार कोणी करायचा, कागदपत्रे कोणती आणि सादर कुठे करायचा

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत वर्गखोली कमी पडत असेल, शिक्षकाचे पद रिक्त असेल किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, तर ती गरज कायद्याच्या चौकटीत मांडण्याचे ठिकाण म्हणजे शाळा विकास आराखडा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २२ नुसार शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणाने (म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या संस्थांनी) आपल्या योजना व अनुदाने याच आराखड्याच्या आधारे ठरवायची असतात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या प्रतीवर तारीख बदलून तोच आराखडा पुढे पाठवणे म्हणजे शाळेने स्वतःची मागणी स्वतःच गमावणे होय.

आराखडा तयार करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीचा आहे, एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. कलम २१ नुसार समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेतील विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक असावे लागतात, वंचित गट व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते आणि निम्म्या सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. अध्यक्ष पालक सदस्यांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना होते. अनुदानित खाजगी शाळांत आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती केवळ सल्लागार स्वरूपाची आहे; तेथे आराखडा करण्याची जबाबदारी तिच्यावर नाही.

आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र उपआराखडा असतो. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार व्हावा अशी अपेक्षा आहे. त्यात प्रत्येक वर्षाची इयत्तानिहाय अपेक्षित पटसंख्या, पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी यांसाठी लागणारे शिक्षक, इमारत व साहित्याची गरज आणि वर्षनिहाय निधी दाखवावा लागतो. मागणी अधिनियमाच्या अनुसूचीतील निकषांशी जोडावी: प्राथमिक स्तरावर ६० विद्यार्थ्यांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, तर उच्च प्राथमिक स्तरावर दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान १ शिक्षक. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, दिव्यांग मुलांना अडथळ्याविना प्रवेश, क्रीडांगण आणि संरक्षक भिंत या बाबीही तेथेच नमूद आहेत.

आकडे भरण्याआधी समितीने शाळेची प्रत्यक्ष पाहणी करावी, हे मी आग्रहाने सांगेन. नोंदीत मुलींची दोन स्वच्छतागृहे ‘उपलब्ध’ असतात. प्रत्यक्षात एकाला कुलूप असते आणि दुसऱ्याच्या टाकीला नळजोडणीच नसते. ही नोंद यू-डायस प्लसमध्ये (शाळांची माहिती नोंदवण्याच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीत) तशीच राहिली, तर दुरुस्तीची मागणी तालुक्याच्या छाननीत टिकणे अवघड होते, कारण वरच्या कार्यालयाला शाळा त्या नोंदींतूनच दिसते. म्हणून सुविधा आहे की नाही एवढ्यावर न थांबता ती वापरात आहे का, हे पाहून आधी यू-डायसमधील माहिती दुरुस्त करून घ्यावी आणि मगच आराखडा लिहावा.

सोबत जोडायची कागदपत्रे फार नाहीत, पण ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. समितीच्या सभेचे इतिवृत्त व आराखड्यास मान्यता देणारा ठराव, समिती स्थापनेच्या पालकसभेचे इतिवृत्त, यू-डायस अहवालाची प्रत, चालू पटसंख्या, संचमान्यतेची (पटसंख्येनुसार मंजूर शिक्षकपदांच्या आदेशाची) प्रत, दिव्यांग व शाळाबाह्य बालकांची यादी आणि अनुदान खर्चाचा हिशेब एवढे तयार ठेवावे. बांधकामाची मागणी असल्यास जागेच्या मालकीचा उतारा, छायाचित्रे व अभियंत्याचे अंदाजपत्रक उपयोगी पडते. धोकादायक खोली पाडायची असेल, तर निर्लेखनाचा (ती खोली नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव वेगळा करावा लागतो.

अध्यक्ष (किंवा उपाध्यक्ष) आणि सदस्य सचिव यांच्या स्वाक्षरीचा आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे सादर करायचा असतो. ग्रामीण भागात तो सामान्यतः केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जातो. तेथे एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. शाळांच्या गरजा पुढे समग्र शिक्षा या केंद्र-राज्य शालेय शिक्षण योजनेच्या जिल्हा व राज्य आराखड्यात एकत्र होतात आणि केंद्राच्या मंजुरीनंतर निधी साधारण ६०:४० या प्रमाणात केंद्र व राज्याकडून येतो. किरकोळ दुरुस्तीसाठी ही वाट पाहण्याची गरज नसते, कारण त्यासाठी पटसंख्येनुसार मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वापरता येते. ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतील कामे त्याच वेळी ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्यावीत.

आराखडा देऊनही मुलांच्या हक्काची सुविधा मिळाली नाही, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तिचा निर्णय ३ महिन्यांत होणे अपेक्षित आहे. तो निर्णय मान्य नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, आणि त्या वेळी पोच असलेली प्रत व समितीचा ठराव हेच मुख्य पुरावे ठरतात.