‘क्रिस्पी’चे भौतिकशास्त्र आणि सादळलेली चकली

‘व्हेज क्रिस्पी’ हा पदार्थ मेनूकार्डांवर इतका रुळला आहे की क्रिस्पी हे मुळात विशेषण, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘एक क्रिस्पी’ एवढे म्हटले तरी वेटरला पुरते. ब्रिटनमध्येही तेच झाले. तिकडे बटाट्याचे वेफर्स म्हणजे ‘क्रिस्प्स’. मूळ लॅटिन शब्द क्रिस्पस, आणि त्याचा अर्थ ‘कुरळे’. ‘तडकन मोडणारे’ हा अर्थ त्याला इंग्रजीत बऱ्याच उशिरा चिकटला.

मराठीत मात्र क्रिस्पीचे काम एका शब्दावर भागत नाही. शेव कुरकुरीत असते, शंकरपाळी खुसखुशीत. खुसखुशीतपणा मोहनातून येतो: तूप पिठाच्या कणांभोवती बसते, त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही, म्हणून घास फारसा आवाज न करता भुगा होतो. कुरकुरीत पदार्थात पातळ, कोरड्या भिंती आणि मध्ये पोकळ्या असतात. चावताना त्या भिंती एकामागून एक तुटतात. ताजे गाजर कराकरा मोडते त्याचे कारण नेमके उलटे, तिथे पेशींत पाणी ठासून भरलेले असते. गाजर पाणी गेल्यावर लुळे पडते, चकली पाणी आल्यावर.

क्रिस्पीपणा जिभेइतकाच कानाचाही विषय आहे. ऑक्सफर्डमधल्या झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज मायक्रोफोनमधून त्यांच्याच कानात परत सोडला. आवाज, विशेषतः त्यातला वरच्या पट्टीचा भाग, वाढवला की तेच चिप्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले. या कामाला २००८ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे गमतीचे पारितोषिक, मिळाले. हसण्यावारी नेण्यासारखे मात्र त्यात काही नाही.

आता ती भिंत तडकन का तुटते ते पाहू. तळून वाळलेला स्टार्च ही पदार्थविज्ञानाच्या व्याख्येनुसार एक काच असते. त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या स्फटिकासारख्या शिस्तीत रचलेल्या नसतात. गुंता जसा असेल तसा थिजलेला असतो. दाब आला की साखळ्यांना सरकायला वाव नाही, म्हणून भिंत वाकत नाही, मोडते. हीच काच पुरेशी तापवली तर साखळ्या हलू लागतात आणि ती रबरासारखी होते. हा बदल ज्या तापमानाला होतो त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. अगदी कोरड्या स्टार्चसाठी ते २०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पण पाण्याचे चिमुकले रेणू साखळ्यांमध्ये शिरले की वंगणासारखे काम करतात आणि हे तापमान झपाट्याने खाली येते. ओल २० टक्क्यांच्या आसपास गेली की ते खोलीच्या तापमानाला येऊन टेकते. मग पदार्थ न तापवताच रबर होतो. आपल्याकडे त्यालाच वातड म्हणतात.

यात एक खोच आहे. कुरकुरीतपणा त्याच्या बराच आधी जायला लागतो, कारण अख्खी साखळी सरकण्याआधी तिचे छोटे तुकडे वळवळू लागतात आणि तडा पुढे धावण्याऐवजी मध्येच विरतो. बिस्किटे, चिप्स, पॉपकॉर्न यांच्या बाबतीत ही सीमा पाणी-सक्रियता (पदार्थातले पाणी किती मोकळे आहे याचे ० ते १ मधले माप) ०.३५ ते ०.५ इथे येते. म्हणजे भोवतालची सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या वर राहिली की पदार्थ आज ना उद्या सादळणारच. कोकणात हवा बहुतेक वर्षभर या सीमेच्या वरच असते.

चकली सादळली की दोष डब्यातल्या हवेवर जातो. हिशेब करून बघा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ८० टक्के आर्द्रतेला पाच लिटरच्या डब्यात, तो रिकामा धरला तरी, जेमतेम ०.१२ ग्रॅम पाणी होते. अर्धा किलो चकलीतली ओल दोन टक्क्यांवरून सहावर न्यायला साधारण २० ग्रॅम पाणी लागते. म्हणजे डबा दीडशेहून जास्त वेळा उघडून दर वेळी सगळी हवा बदलायला हवी! तेव्हा झाकण घट्ट असूनही चकली दोन दिवसांत मऊ पडली, तर पाणी बहुतेक तिच्या पोटातच होते.

ते राहते तळणीत. कढईतले बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. एक ग्रॅम पाण्याची दीड लिटरहून जास्त वाफ होते. तेल फार तापलेले असले तर बाहेरचे कवच लगेच रंगते, चकली झाली असे वाटून ती काढली जाते आणि गाभ्यात आठ-दहा टक्के ओल राहते. रात्रभरात ती कवचात पसरते. म्हणून चकली १७०-१८० अंशांच्या तेलात सोडावी, लगेच आच मध्यम करावी, आणि रंगापेक्षा बुडबुड्यांकडे बघावे. ते जवळजवळ थांबले की काढावी. तेल गार असेल तर चकली तेल पिते, मोहन जास्त झाले तर कढईत विरघळते. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा तेल पुरते. पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावी. गरम भरली तर वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी खाली ठिबकते. दृष्ट लागली, विटाळ झाला ही कारणे सांगणाऱ्यांनी एकदा झाकणाची आतली बाजू बोटाने पुसून बघावी.

सादळलेली चकली ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांना दहा-पंधरा मिनिटे ठेवली की परत येते. बाहेर काढल्यावर ती मऊच लागेल, पण निवताना काच पुन्हा थिजते. एअर फ्रायरमध्येही हे काम उत्तम होते, कारण तो जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हनच आहे. ‘तेलाशिवाय तळणे’ ही जाहिरातवाल्यांची भाषा. मायक्रोवेव्ह बटाटेवड्याला मारक: आतल्या पाण्याची वाफ बाहेर येताना कवच भिजवते. पातळ पापड मात्र त्यात छान भाजतो.

चिक्कीला हा उपाय लावू नये. तिची काच साखरेची असते, आणि कोरड्या साखरेचे काच-संक्रमण ६०-७० अंशांच्या आसपास होते. गुळात थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. ग्लुकोजचे संक्रमण ३१ अंशांना, फ्रुक्टोजचे त्याहून कितीतरी खाली. शिवाय दोन्ही पाणी ओढतात. म्हणून पावसाळ्यात गुळाची चिक्की कागद सोडत नाही आणि साखरेची त्या मानाने टिकते. ओव्हनमध्ये घातली तर दोन्ही ट्रेवर पसरतील.