स्लाइड बोलण्यासाठी की वाचण्यासाठी?

प्रेझेंटेशन संपलं, की ‘पीपीटी पाठवून द्या’ ही मागणी हमखास येते. ती येणार हे ठाऊक असल्याने तयारी करणाराही स्लाइडवर सगळंच कोंबतो: आकडे, खुलासे, तळटिपा. मग समोरचे लोक पडद्यावरचं वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. स्लाइड बोलण्याला साथ देण्यासाठी आहे की नंतर वाचायचं टिपण म्हणून, हा घोळ आजचा नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत तो टप्प्याटप्प्याने वाढत गेला आहे.

तसं पाहिलं तर भाषणाच्या तयारीचा विचार फार जुना. काय बोलायचं ते शोधणं, त्याची मांडणी, शब्दयोजना, स्मरण आणि प्रत्यक्ष बोलणं, असे तयारीचे पाच भाग रोमन वक्तृत्वशास्त्राने दोन हजार वर्षांपूर्वी पाडले होते. सतराव्या शतकात मॅजिक लँटर्न, म्हणजे दिव्याच्या उजेडाने चित्रं भिंतीवर पाडणारं यंत्र आलं, एकोणिसाव्या शतकात काचेच्या स्लाइड दाखवून व्याख्यानं होऊ लागली. खरी उलथापालथ मात्र १९८०च्या दशकातली.

त्याआधी कार्यालयांमधून दोन साधनं चालत. एक ओव्हरहेड प्रोजेक्टर. पारदर्शक फिल्मवर मजकूर छापायचा किंवा पेनने लिहायचा, वर कोरा कागद ठेवायचा आणि बोलता बोलता तो खाली सरकवत एकेक ओळ उघडी करायची. दुसरं साधन ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड. त्या बाहेरून बनवून घ्याव्या लागत; त्यात वेळही जाई आणि पैसाही. ऐनवेळी बदल करायची सोय जवळजवळ नव्हतीच. या गैरसोयीचा एक फायदा होता, तो आज कुणाच्या लक्षात येत नाही. काय बोलायचं ते आधी पक्कं करावंच लागे, स्लाइड त्यानंतर.

पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं ते फक्त ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांसाठी आणि कृष्णधवल. ओव्हरहेडच्या फिल्म तयार करणं हेच त्याचं काम होतं. त्याच वर्षी ते एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं आणि १९९० मध्ये त्याची विंडोजची आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीतच वक्त्याच्या टिपणांसाठी आणि श्रोत्यांना वाटायच्या कागदांसाठी वेगळी सोय होती. म्हणजे दाखवायचं, बोलायचं आणि हातात द्यायचं हे तीन वेगवेगळे मजकूर आहेत, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. वापरणाऱ्यांनी तिन्ही एकाच चौकटीत भरले.

१९९४च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली: विषय निवडला, की तयार मुद्द्यांचा आराखडा हातात ठेवणारा विझार्ड. वाईट बातमी कशी सांगायची याचाही साचा पुढे त्यात होता. विझार्ड २००७च्या आवृत्तीत काढून टाकला गेला, पण तोवर काम झालं होतं. तयारी म्हणजे सॉफ्टवेअर उघडून शीर्षकाखाली मुद्दे भरत जाणं, ही सवय पक्की झाली होती.

या सवयीवर सर्वांत मोठा वाद पेटला तो नासा या अमेरिकी संस्थेच्या कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातानंतर. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी संभाव्य नुकसानीचा हिशेब स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवला. त्यातली एक स्लाइड पुढे जगभर गाजली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं. चाचण्या पाहता टाइलच्या (उष्णतेपासून यानाचं रक्षण करणाऱ्या फरश्यांच्या) नुकसानीचा अंदाज वास्तवापेक्षा जास्तच धरला जातो, असा त्याचा आशय. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे, आणि अगदी तळाच्या ओळीत खरी बातमी: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घनइंच, तर चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांच्या भरवशावर शीर्षक उभं होतं, त्या या प्रसंगाला लागूच होत नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि सातही अंतराळवीर दगावले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या प्रथेवर स्पष्ट बोट ठेवलं. माहिती-मांडणीच्या एका अभ्यासकाने तर बुलेटची, म्हणजे ठिपके देऊन तुटक मुद्दे मांडण्याची रचनाच विचार तोडते, अशी टीका केली. उलट बाजूचं म्हणणं असं, की पंखाची छायाचित्रं मिळावीत ही अभियंत्यांची विनंती वरच अडली, संस्थेची कार्यसंस्कृतीच बिघडलेली होती. त्याचं खापर सॉफ्टवेअरवर कशाला? कार्यसंस्कृतीला तर अहवालानेही दोष दिलाच होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तरी मला पहिली बाजू जास्त पटते. ६४० पटींची गोष्ट सलग वाक्यात लिहायची, तर ‘म्हणून हा अंदाज येथे वापरता येत नाही’ हे पुढचं वाक्य लिहिणं टाळता येत नाही. बुलेटमध्ये ‘म्हणून’ लिहायची सक्तीच नसते. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनीही पुढे हीच खंत बोलून दाखवली: लोकांनी सविस्तर लिहिणंच सोडलं आणि नुसत्या सारांशावर काम चालवलं.

त्यानंतरचे उपाय दोन टोकांचे. २००४ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीने वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. तिथे सलग लिहिलेलं टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात आणि मग चर्चा होते. दुसरीकडे २००३ मध्ये टोकियोत २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद असा प्रकार सुरू झाला. त्यात स्लाइडवर फार लिहून उपयोगच नाही. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला तर समजणं सुधारण्याऐवजी बिघडतं, असं शिकण्याच्या मानसशास्त्रातल्या अनेक प्रयोगांत आढळलं आहे. एका स्लाइडवर सात मुद्दे या नियमाला मात्र असा आधार नाही. १९५६ सालच्या स्मरणशक्तीवरच्या एका निबंधातून तो आकडा उचललेला आहे, आणि पडद्यावर समोर दिसणारा मजकूर कुणाला लक्षात ठेवावा लागत नाही.

२०२० नंतर बैठका ऑनलाइन झाल्या तेव्हा वक्ता एका कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत गेला आणि स्लाइडने सगळी स्क्रीन व्यापली. आता अख्खा अहवाल दिला की त्याच्या स्लाइड करून देणारी एआय साधनं आली आहेत. विझार्ड निदान साचाच द्यायचा, मजकूर माणसालाच भरावा लागे. ही साधनं सलग लिहिलेला अहवाल स्वतःच मुद्द्यांत तोडतात, आणि कोणता आकडा शीर्षकात जाईल नि कोणता तळाच्या ओळीत, हेही पहिल्या खेपेला तीच ठरवतात.