बीटा एचसीजी रक्तचाचणी

गरोदरपणात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी. दवाखान्यात आणि लॅबमध्ये तिला नुसते ‘बीटा’ म्हणतात.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागला की ज्या पेशींपासून पुढे वार बनते त्या एचसीजी स्रवू लागतात. अंडाशयातील पीतपिंडाला (बीज बाहेर पडल्यावर तिथे उरणाऱ्या ग्रंथीला) टिकवणे हे त्याचे पहिले काम. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरवत राहतो, म्हणून पाळी येत नाही. एचसीजीचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात. अल्फा भाग एलएच, एफएसएच आणि टीएसएच या संप्रेरकांतही असतो. त्यामुळे जुन्या चाचण्यांत एलएच आणि एचसीजी यांची गल्लत होई. १९७२ मध्ये अमेरिकेतील ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउन्स्टीन आणि ग्रिफ रॉस या संशोधकांनी बीटा भाग नेमका ओळखणारी पद्धत प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे त्यांचा मूळ रोख गर्भ ओळखण्यापेक्षा एचसीजी स्रवणाऱ्या कर्करोगांवर होता. त्याआधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हे डॉक्टर गर्भ ओळखण्यासाठी बाईची लघवी उंदराच्या कोवळ्या माद्यांना टोचत आणि काही दिवसांनी त्यांना मारून अंडाशये तपासत.

आता दंडातून थोडे रक्त घेतात. उपाशीपोटी जावे लागत नाही आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. साधारणपणे मिलिलिटरमागे ५ मिली-एककांच्या (mIU) आत आकडा असेल तर गर्भ नाही, २५ च्या वर असेल तर आहे; मधला असेल तर दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचे.

रिपोर्टखाली आठवड्यांचा तक्ता छापलेला असतो आणि घरोघरी काळजी सुरू होते ती तिथून. अशाच एका प्रचलित तक्त्यात शेवटच्या पाळीपासून पाचव्या आठवड्यासाठी १८ ते ७,३४० असा पल्ला दिलेला असतो. इतक्या रुंद पल्ल्यात एकट्या आकड्यावरून गर्भाची तब्येत ठरत नाही. म्हणून ४८ तासांच्या अंतराने, शक्यतो त्याच लॅबमध्ये, दुसरी चाचणी करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो असे सांगतात, पण पहिला आकडा १,५०० च्या आत असेल तर ४८ तासांत ४९ टक्क्यांची वाढही चालू शकते. वाढ त्याहून मंद असेल किंवा आकडा उतरत असेल तर गर्भपात किंवा नळीतला (गर्भाशयाबाहेर रुजलेला) गर्भ यांची शंका येते. आकडा ३,५०० च्या पुढे जाऊनही सोनोग्राफीत गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसली नाही, तर ही शंका बळावते. अशा वेळी पोटात किंवा खांद्यात तीव्र कळ आली, चक्कर आली, तर पुढच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते.

आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास पातळी शिखर गाठते आणि मग आपोआप उतरते. हे माहीत नसल्याने तिसऱ्या महिन्यात हौसेने केलेली बीटा नाहक घाबरवते. तेव्हा सोनोग्राफीच जास्त सांगते.

फसवे निकालही येतात. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटण्यासाठी एचसीजीचेच इंजेक्शन देतात. त्याचा अंश दहा-चौदा दिवस रक्तात राहू शकतो, म्हणून घाईने केलेली चाचणी खोटी आशा लावते. काही जणींच्या रक्तातील प्रतिपिंडे यंत्राला चकवतात. ती लघवीत उतरत नसल्याने लघवीची चाचणी नकारार्थी येते आणि उलगडा होतो.

द्राक्षगर्भात (वारेच्या पेशींची द्राक्षांच्या घडासारखी सदोष वाढ) आकडा बहुधा फार चढतो. गर्भाशय साफ केल्यावरही आकडा सामान्य होईपर्यंत दर आठवड्याला पाहतात. पुरुषांत हीच चाचणी वृषणाच्या काही कर्करोगांच्या निदानासाठी आणि उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी वापरतात.