वार्धक्यातील व्यायाम (बडोदे)

साठी-पासष्टीनंतर दम, ताकद आणि तोल टिकावा म्हणून नेमाने केलेला व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टी गाठलेल्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि किमान तीन दिवस तोल सावरायला लावणारा व्यायाम हवा. चालताना गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, ते मध्यम श्रम.

यातले चालणे बडोदेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीकाठी वसवलेल्या कमाटीबागेत (सयाजीबागेत) भल्या पहाटेपासून ज्येष्ठांच्या फेऱ्या सुरू होतात. फेरीनंतरच्या शेव-उसळीचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

दुर्लक्ष होते ते ताकद आणि तोल यांकडे. जुम्मादादांच्या आखाड्याच्या आणि व्यायामाचार्य राजरत्न माणिकरावांच्या या गावात बैठका विसरल्या जाव्यात, हे जरा नवलच. स्नायू मध्यमवयापासून झिजू लागतात आणि साठीनंतर झीज वाढते. नुसत्या चालण्याने ती पुरेशी रोखली जात नाही. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, पायजमा चढवताना भिंत लागते, ही तिची पहिली लक्षणे. पुढे एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय सरकतो आणि खुब्याचे हाड मोडते.

घरच्या घरी करण्याजोगी बैठक म्हणजे खुर्चीवरून उठणे-बसणे. खुर्ची भिंतीला टेकवावी. झोपाळा चालत नाही, तो ऐन वेळी मागे जातो. हात छातीवर, पावले खांद्याएवढ्या अंतरावर. उठावे आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश टेकावे. बदकन बसले की निम्मा व्यायाम वाया गेला, कारण उतरतानाही मांडीला काम पडते. आठ-दहा वेळा पुरे. तोलासाठी ओट्याला बोटे टेकून एका पायावर उभे राहावे. सवय झाली की बोटे सोडावीत.

मधुमेहाच्या काही औषधांनी, विशेषतः इन्सुलिनने, व्यायामात साखर एकदम उतरू शकते, तर रक्तदाबाच्या गोळ्यांनी झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना आधी विचारलेले बरे. छातीत दुखले तर तिथेच थांबावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बाग उजाडतानाच गाठावी, नाहीतर ओसरीवरच येरझारा घालाव्यात.