पार्श्वभूमी : व्यावसायिक किकबॉक्सरची कारकीर्द आणि तिच्यामागचा इतिहास

व्यावसायिक किकबॉक्सरची कारकीर्द कागदावर मांडली, तर सोलापूरकरांच्या ओळखीच्या पैलवानाच्या कारकिर्दीपेक्षा ती फारच विस्कळीत दिसते. पैलवान गावच्या तालमीत मातीत उतरतो, जत्रेच्या फडात इनामाच्या कुस्त्या करतो, जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्याच्या अधिवेशनात जातो आणि साधले तर महाराष्ट्र केसरीच्या गदेपर्यंत पोहोचतो. १९६१ पासून ही वाट बहुतांशी ठरलेली आहे. किकबॉक्सर मात्र एका वर्षी एका संघटनेचा पट्टा कमरेला बांधतो आणि काही वर्षांत ती संघटनाच उरत नाही. एका लढतीत मांडीवर लाथ मारण्याची मुभा असते, तर दुसऱ्या ठिकाणी तीच लाथ नियमबाह्य ठरते. आणि ऐन उमेदीत, नाव झाल्यावर, तो बॉक्सिंगकडे किंवा एमएमएकडे (ठोसे, लाथा आणि पकड हे सारे चालणाऱ्या मिश्र लढतींकडे) निघून जातो. यात खेळाडूचा चंचलपणा शोधण्याची पद्धत आहे, परंतु खरे कारण खेळाच्या जन्मात आहे. कुस्तीत पैलवान आधी होते आणि फड भरवणारे नंतर आले. किकबॉक्सिंगमध्ये फड भरवणारा आधी आला, आणि खेळाडू त्याने मागाहून शोधले.

तो फड भरवणारा म्हणजे जपानमधील बॉक्सिंगचे आयोजक ओसामु नोगुची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तात्सुओ यामादा नावाचे कराटेचे गुरू असा खेळ मांडू पाहत होते, ज्यात कराटेतले प्रहार हवेत न थांबता प्रतिस्पर्ध्यावर प्रत्यक्ष पडतील. थायलंडच्या मुए थाय या लढाऊ खेळात हे कित्येक पिढ्यांपासून चालू होते. फेब्रुवारी १९६३ मध्ये मासुतात्सु ओयामा यांच्या दोजोतील (कराटेशाळेतील) तीन कराटेपटू बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियममध्ये तीन थाई मल्लांविरुद्ध उतरले. दोन लढती जपानने जिंकल्या आणि तिसरी, केंजी कुरोसाकी यांची, थायलंडने जिंकली. नोगुची यांनी १९६६ मध्ये किकबॉक्सिंगची संघटना स्थापन करून ओसाकात पहिला कार्यक्रम भरवला आणि ताडाशी सावामुरा या तरुण कराटेपटूला खेळाचा चेहरा बनवले. त्याच वर्षी एका थाई मल्लाने सावामुराला एकाच लढतीत १६ वेळा खाली पाडले. त्यानंतर तो मुए थायच्या पद्धतीने सराव करू लागला आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे जपानच्या घराघरांत पोहोचला. प्रक्षेपण आटले तशी खेळाची लोकप्रियताही आटली. आयोजक, वाहिनी आणि एक लोकप्रिय चेहरा या तीन खांबांवर संपूर्ण खेळ उभा राहण्याची रीत तेव्हाच पडली, आणि ती आजतागायत फारशी बदललेली नाही.

लुंपिनीत हरलेल्या कुरोसाकींचा वाटा मात्र जिंकलेल्या दोघांपेक्षा मोठा ठरला, असे म्हणावे लागते. त्यांनी टोकियोत मेजिरो व्यायामशाळा काढली. तेथे शिकून गेलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये त्याच नावाची शाखा उभारली, आणि तिच्यातून डच शैली घडली. हाताच्या तीन-चार ठोशांची मालिका लावून प्रतिस्पर्ध्याचा गार्ड वर खेचायचा आणि त्याचे लक्ष डोक्याच्या बचावात अडकलेले असतानाच नडगीने त्याच्या मांडीच्या बाहेरच्या अंगावर घाव घालायचा, हा या शैलीचा गाभा आहे. ही लाथ पायाच्या पंज्याने मारत नाहीत. कंबर पूर्ण वळवून नडगीचे हाड स्नायूत रुतवतात. असे चार-पाच घाव बसले, की समोरच्याचा पुढचा पाय भार घेईनासा होतो, आणि पाय गेला की ठोशातली ताकदही जाते. हॉलंडसारख्या छोट्या देशाने रॉब कामन, रॅमन डेकर्स, पीटर आर्ट्स, अर्नेस्टो हूस्ट अशी रांग लावली, तिच्यामागे ही तालीम आहे.

अमेरिकेत त्याच काळात वेगळेच रोप वाढत होते. तेथे १९७४ मध्ये फुल कॉन्टॅक्ट कराटेची व्यावसायिक संघटना, पीकेए, स्थापन झाली. तिच्या नियमांत कमरेखाली लाथ चालत नव्हती, आणि खेळाडूंनी नुसते बॉक्सिंग करू नये म्हणून प्रत्येक राउंडमध्ये किमान आठ लाथा मारण्याचे बंधन होते. या नियमांचा सर्वांत प्रसिद्ध विजेता बिल वॉलेस. ज्युदोत उजवा गुडघा दुखावल्याने तो केवळ डाव्या पायाने लाथा मारत असे आणि तरीही अपराजित निवृत्त झाला. मांडीवर लाथ चालणाऱ्या नियमांत एकाच पायाची ही करामत टिकली असती का, ही शंका रास्त आहे. नियम कोणता, यावर विजेता कोण हे किती अवलंबून असते, ते येथे दिसते. युरोपात १९७६ मध्ये जॉर्ज ब्रुकनर यांच्या पुढाकाराने वाको ही हौशी खेळाडूंची जागतिक संघटना उभी राहिली आणि १९७८ मध्ये बर्लिनला तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली. वाकोने नियमांचे हे भांडण मिटवण्याऐवजी सगळ्यांनाच जागा दिली. पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइट हे प्रकार मॅटवर, तर फुल कॉन्टॅक्ट, लो-किक आणि के-वन (याच नावाच्या जपानी स्पर्धेच्या नियमांचा) हे प्रकार रिंगमध्ये खेळले जातात. म्हणूनच ‘किकबॉक्सिंगमध्ये पदक मिळाले’ एवढ्या वाक्यावरून खेळाडूने नेमके काय केले, हे कळत नाही. प्रकार विचारावा लागतो.

या पांगलेल्या खेळाला मोठा पैसा प्रथम मिळवून दिला तो के-वनने. काझुयोशी इशी या कराटे संघटकाने एप्रिल १९९३ मध्ये टोकियोत आठ मल्लांची एका रात्रीत संपणारी स्पर्धा भरवली. विजेत्याला त्याच रात्री तीन लढती जिंकाव्या लागत. पहिली स्पर्धा क्रोएशियाच्या ब्रांको चिकातिचने तिशी जवळजवळ संपत आलेली असताना जिंकली. पुढे हूस्टने चार वेळा आणि आर्ट्सने तीन वेळा हा किताब मिळवला. उंचपुऱ्या सेमी शिल्टनेही नंतर हूस्टच्या चार किताबांशी बरोबरी केली. नियम सुटसुटीत होते: तीन मिनिटांचे तीन राउंड, कोपर वर्ज्य, धरून ठेवण्यावर बंधन. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून मारामारी दिसावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. ३१ डिसेंबर २००३ च्या रात्री बॉब सॅप आणि सुमोतील माजी योकोझुना (सर्वोच्च दर्जाचा मल्ल) अकेबोनो यांच्या लढतीने काही मिनिटे जपानच्या पारंपरिक वर्षअखेरीच्या गाण्यांच्या कार्यक्रमालाही प्रेक्षकसंख्येत मागे टाकले. तांत्रिकदृष्ट्या ती लढत सुमार होती, हे त्या वेळीही सर्वांना कळत होते.

या भरभराटीचा पाया मात्र एकाच कंपनीच्या तिजोरीवर होता. करचुकवेगिरीच्या प्रकरणात इशी बाजूला झाले, पुढे मालक कंपनी कर्जात बुडाली आणि २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अनेक नामवंत मल्लांनी आपले मानधन थकल्याचे जाहीरपणे सांगितले. जागतिक किताब जिंकलेल्या मल्लाला स्वतःच्या घामाचे पैसे मिळण्यासाठी हेलपाटे घालावे लागावेत, ही या खेळाच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे. ती पोकळी भरायला २०१२ मध्ये ग्लोरी ही स्पर्धामालिका आली. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपने आधी एमएमए आणि नंतर मुए थाय व किकबॉक्सिंग एकाच छताखाली आणले.

दोन आयोजकांच्या करारांत अडकलेले दोन मल्ल एकमेकांशी लढू शकत नाहीत, ही यातूनच आलेली दुसरी अडचण. जपानचे तेनशिन नासुकावा आणि ताकेरु सेगावा हे आपापल्या मालिकांचे अजिंक्य चेहरे. त्यांची लढत व्हावी, ही मागणी कित्येक वर्षे होत राहिली आणि ती अखेर जून २०२२ मध्ये टोकियो डोममध्ये, पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाली. नासुकावा जिंकला आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. खेळातील सर्वांत मोठ्या रात्रीनंतर खेळच सोडणे वरकरणी चमत्कारिक वाटते; पण किकबॉक्सिंगमध्ये त्याहून वरची पायरी शिल्लक नव्हती, हे लक्षात घेतले की त्याचा हिशेब पटतो.

ब्राझीलच्या अॅलेक्स परेराची कारकीर्द या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. कोवळ्या वयात शाळा सोडून तो टायरच्या दुकानात काम करू लागला, दारूच्या आहारी गेला आणि त्यातून सुटण्यासाठी विशी ओलांडल्यावर किकबॉक्सिंगच्या वर्गात दाखल झाला. आपल्याकडच्या वस्तादांना विचारले, तर या वयात सुरुवात करणाऱ्याला ते घरीच पाठवतील. परेराने ग्लोरीत २०१७ मध्ये मिडलवेटचा आणि पुढे लाइट हेवीवेटचा असे दोन किताब मिळवले. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंडकडून लढणाऱ्या इस्राएल आदेसान्याला दोनदा हरवले होते. दुसऱ्यांदा तर नॉकआउटने. आदेसान्या पुढे यूएफसी या अमेरिकी एमएमए मालिकेत गेला, तेथे विजेता झाला, आणि त्याच्या मागोमाग २०२१ मध्ये परेराही गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, यूएफसीतल्या केवळ चौथ्या लढतीत, परेराने न्यूयॉर्कमध्ये पाचव्या राउंडला आदेसान्याला थांबवून किताब घेतला. चौथ्याच लढतीत ही संधी मिळण्यामागे त्याचा डावा हूक होता, तसाच किकबॉक्सिंगमधल्या जुन्या वैराचा इतिहासही होता. आयोजकाला विकण्याजोगी गोष्ट तयार मिळाली होती. पाच महिन्यांत आदेसान्याने परतफेड केली, तेव्हा परेराने वजनगट बदलला आणि २०२३ संपण्यापूर्वी वरच्या गटाचा पट्टा मिळवला.

भारतात व्यावसायिक लढती दूरचित्रवाणीवर आल्या त्या प्रामुख्याने एमएमएच्या रूपाने. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीगचा गाजावाजा झाला, २०१७ मध्ये ती संघांच्या स्वरूपात पुन्हा आली आणि मग थांबली. २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाली. महाराष्ट्राचा भारत खंदारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायमध्ये यूएफसीत उतरला, तो कुस्तीच्या पार्श्वभूमीवर. २०१९ मध्ये रितू फोगट कुस्ती सोडून वन चॅम्पियनशिपमध्ये गेली. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिची मूळ तालीम वुशू या चिनी युद्धकलेची. म्हणजे भारतीय किकबॉक्सरला देशात चरितार्थ चालवायचा, तर बहुधा पकडीचा खेळही शिकावा लागतो, आणि पकड ज्यांना उपजत येते, त्यांना उलट लाथांचा बचाव शिकावा लागतो.

सोलापूरचा प्रश्न येथे सुरू होतो. शहरातल्या पेठांत आणि जिल्ह्याच्या गावांत तालमींची परंपरा आहे, तर पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतली मुले शाळेच्या मैदानावरच्या कराटे वर्गात जातात. किकबॉक्सिंगच्या वर्गात हे दोन्ही प्रकार शेजारी उभे राहिले, की फरक पहिल्याच दिवशी दिसतो. पैलवान कमरेत वाकून, डोके पुढे घालून, पुढच्या पायावर भार टाकून उभा राहतो. मातीत हीच ठेवण त्याला वाचवते. रिंगमध्ये तोच पुढचा पाय लो-किकला आयता सापडतो आणि तेच डोके गुडघ्याच्या टप्प्यात येते. पाठ सरळ करून भार मागे घेणे आणि लाथ येताच पुढची नडगी उचलून ती अडवणे, एवढ्या दोन गोष्टी अंगवळणी पाडण्यात प्रशिक्षकाचे महिने जातात. कराटेच्या मुलाची अडचण उलटी असते: लाथ सुरेख, पण प्रहार करून लगेच मागे हटण्याची गुणांच्या खेळातली सवय मोडत नाही.

वजनाचाही प्रश्न आहे. जत्रेतली जोड तोलामोलाने आणि इनामाने लागते, आणि खुराक वाढवणे हे पैलवानाच्या घराचे कर्तव्य मानले जाते. व्यावसायिक किकबॉक्सिंगमध्ये बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी वजन होते आणि त्यासाठी अंगातले पाणी काढण्याची घातक प्रथा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिलातील कार्यक्रमापूर्वी यांग जियान बिंग हा चिनी मल्ल याच प्रकारात दगावला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घालून शरीरातील पाण्याची तपासणी सुरू केली. चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून पळणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

पालकांचा प्रश्न बहुधा प्रमाणपत्राचा असतो, आणि तो अजिबात क्षुल्लक नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे, म्हणजे सोलापूरच्या बाबतीत पुण्याला, होते. किकबॉक्सिंगच्या नावाने पदके वाटणाऱ्या संघटना अनेक आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली ती वाकोला. ही मान्यता म्हणजे ऑलिंपिकमधील समावेश नव्हे, हे जाहिरातींत बहुधा सांगितले जात नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत) मात्र किकबॉक्सिंगची पदके अधिकृतपणे दिली गेली.

व्यावसायिक वाटेवर प्रमाणपत्राची जागा करारपत्र घेते. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला सरावाला जाणाऱ्या होतकरू मुलाने पहिल्या करारात तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: उतरण्याचे मानधन आणि जिंकण्याचे मानधन वेगवेगळे लिहिले आहे का, दुखापतीचा खर्च कोणाकडे आहे, आणि त्या आयोजकाने कार्यक्रमच भरवला नाही तर किती काळानंतर दुसरीकडे लढता येईल. यातले तिसरे कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटते.